मधले बारा दिवस मी कलम दहा होतो

मी कलम नऊ बोलतोय. लेखणी नव्हे आणि बागेत लावतात ते कलमही नव्हे. मी कायद्यातला आहे. पान सहा, खालून दुसरा परिच्छेद. जन्मलो तेव्हा नऊ होतो, आजही नऊ आहे. मधले बारा दिवस तेवढा दहा होतो, आणि त्या बारा दिवसांनीच माझा जीव वाचवला.

ती हकीकत मला नीट सांगता येईल की नाही, याची शंका आहे. आम्हा कलमांना "परंतु", "तथापि" आणि "अन्यथा" यांची इतकी सवय असते, की सरळ वाक्य बोलायचे म्हटले तरी धीर होत नाही. कुठे काही सांगायचे राहिले तर सांभाळून घ्या. कायद्यातही राहतेच.

माझा जन्म विधी विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर, कपाटांच्या दोन रांगांमध्ये अडकलेल्या एका टेबलावर झाला. त्या टेबलापाशी मसुदे लिहिणाऱ्या बाई बसत. त्यांना सगळी इमारत नुसते "बाई" म्हणे. वीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या इच्छा कायद्याच्या भाषेत लिहिल्या होत्या. समोर संगणक असे, पण पहिला मसुदा त्या पेन्सिलीने, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहीत. मी एका फेब्रुवारीच्या पाठीवर जन्मलो. महिना आखूड होता म्हणून की काय, मीही आटोपशीर निघालो.

त्याआधी तंत्रज्ञान विभागाकडून एक जाडजूड मसुदा आला होता, "नागरिक माहिती आणि यंत्रनिर्णय विधेयक". नावाला दबून जाऊ नका, अर्थ सोपा होता. कोणाला परवाना द्यायचा, कोणाचा दाखला रद्द करायचा, हे इथून पुढे यंत्राने चेहरा आणि जुन्या नोंदी ताडून ठरवायचे. त्या विभागाच्या दारावर मोठ्या अक्षरात घोषवाक्य लावले होते, "माणसाचा हात न लागता". हेच वाक्य पाण्याच्या बाटलीवरही असते, पण ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

बाई वाचत वाचत कलम सहापाशी थांबल्या आणि त्यांनी तंत्रज्ञान विभागाच्या उपसचिवांना बोलावून घेतले.

"सर, हे बंदर आयुक्त कोण?"

"असतील कोणीतरी. का?"

"आपल्या राज्याला समुद्र नाही."

उपसचिवांनी चष्मा वर केला, खाली केला. "ते असं झालंय बाई, की दुसऱ्या एका राज्याचा कायदा नमुना म्हणून घेतलाय. त्यांना आहे समुद्र."

"मग काढून टाकू?"

"साहेबांना विचारतो. घाई नको."

साहेब म्हणजे तंत्रज्ञान विभागाचे सचिव. तीन दिवसांनी त्यांचा शेरा आला. बंदर आयुक्त वगळावेत, मात्र भविष्यातील गरज लक्षात घेऊन त्या जागी पर्यायी तरतुदीचा विचार व्हावा. बाईंनी बंदर आयुक्तांना वगळले. समुद्राची वाट पाहण्याचे काम त्यांनी भविष्यावर सोपवले.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "आणि यंत्र चुकलं तर?"

"यंत्र चुकत नाही, बाई."

"तसं लिहून द्याल?"

उपसचिवांनी हातातले पेन खिशात ठेवले. मग म्हणाले, "एखादं छोटंसं कलम टाका तुमच्या पद्धतीने. कोणाच्या डोळ्यावर येणार नाही असं."

तो डोळ्यावर न येणारा मी. बाईंनी मला असे लिहिले: "केवळ यंत्राच्या निर्णयावरून कोणत्याही व्यक्तीचा परवाना, दाखला वा लाभ नाकारता किंवा रद्द करता येणार नाही. यंत्राने प्रतिकूल निर्णय दिल्यास अधिकाऱ्याने त्या व्यक्तीला समोर बसवून तिचे म्हणणे ऐकावे, स्वतःच्या हाताने कारण लिहावे आणि सही करावी."

"समोर बसवून" हे शब्द त्यांनी दोनदा खोडले आणि दोनदा परत लिहिले. अजूनही मला कधीकधी वाटते, की मी जरा जास्तच बोललो. "म्हणणे ऐकावे" एवढे पुरले नसते का? पुढे काय झाले ते ऐकून तुम्हीच ठरवा.

विधेयक सभागृहात जाण्याआधी लोकांचे मत मागवायचे असते. म्हणून आम्हा अठरा कलमांना संकेतस्थळावर ठेवण्यात आले. तंत्रज्ञान विभागाने आमची छापील प्रत घेतली, तिचे यंत्रावर फोटो काढले आणि ते फोटो चढवले. पाने आडवी चढली. सात दिवस आम्ही एका कुशीवर पडून होतो. वाचायचे तर माणसाने मान काटकोनात वळवायची किंवा संगणक उचलून उभा करायचा. सात दिवसांत चार अभिप्राय आले. एकाने अभिनंदन केले होते. एकाने आपल्या गल्लीतल्या खड्ड्याबद्दल कळवले होते. एकाने नुसते "ठीक" असे लिहिले होते. चौथा अभिप्राय असा होता: "पाने आडवी आहेत." विभागाने अहवालात नोंदवले, की जनतेकडून विधेयकाच्या आशयाला कोणताही विरोध प्राप्त झाला नाही.

सभागृह नुकतेच कागदमुक्त झाले होते. तसे जाहीर करणारे परिपत्रक प्रत्येक सदस्याच्या बाकावर छापून ठेवले होते. प्रत्येकाला एकेक टॅबलेट मिळाली होती. ती उघडण्याचा परवलीचा शब्द विसरू नये म्हणून तिच्या पाठीवरच चिकटवला होता, आणि सगळ्यांचा एकच होता. कोणी तिच्यावर चहाचा पेला ठेवी, तर एक सदस्य भाषणाला उठण्यापूर्वी तिच्या काळ्या काचेत भांग नीट करून घेत. आम्ही तिच्यात होतो, पण आम्हाला वाचायचे तेव्हा सगळे छापील प्रतच मागत.

मला त्यांना हसायचे नाही. ही माणसे रस्ता, पाणी, दवाखाना डोळ्यांनी पाहून बोलत. तिथे त्यांना कोणी फसवू शकत नव्हते. यंत्राचा विषय निघाला, की मात्र वर्गात धडा न वाचता आलेल्या मुलांसारखी त्यांची नजर खाली जाई. मग जो सर्वांत कठीण शब्द वापरी, त्याचे म्हणणे मंजूर होई.

विधेयक समितीकडे गेले. समितीत एक म्हातारे सदस्य होते. निवडून येण्याआधी चाळीस वर्षे त्यांनी घड्याळे दुरुस्त केली होती, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. पहिल्याच बैठकीत त्यांनी हात वर केला.

"यात यंत्र, यंत्र असं एकशे चार वेळा आलंय. मी मोजलंय. यंत्र म्हणजे काय, ते कुठेय?"

"सगळ्यांना माहीतच आहे, काका," सचिव म्हणाले.

"मला नाही माहीत. माझ्या मनगटावर आहे तेपण यंत्रच आहे. ते रोज चार मिनिटं पुढे जातं. यानं उद्या माझा परवाना रद्द करायचा का?"

"व्याख्यांच्या कलमात एक ओळ घालू."

"तिथे आधीच पंचवीस शब्द कोंबलेत. त्या गर्दीत कोण बघतंय? वेगळं कलम करा. वरती. दिसेल असं."

सचिवांना वाद वाढवायचा नव्हता. म्हाताऱ्याचे समाधान होतेय तर होऊ दे, म्हणून त्यांनी मान डोलावली. व्याख्येचे नवे कलम तीन तयार झाले आणि मागचे आम्ही सगळे एकेक पाऊल मागे सरकलो. तीनचा चार झाला, आठचा नऊ झाला आणि मी नवाचा दहा झालो. हे ध्यानात ठेवा. सचिवांनी ठेवले नाही.

दुसऱ्या बैठकीला घड्याळकाकांनी दोन माणसांना बोलावले. दोघे जुळे भाऊ होते. एकाच साच्यातून काढल्यासारखे. तेच रुंद कपाळ, तीच मिशी. अकरा मिनिटांनी मोठा तो थोरला शाळेची बस चालवी. धाकटा पावाची गाडी चालवी. सात महिन्यांपूर्वी थोरला परवान्याचे नूतनीकरण करायला गेला. तिथे हे यंत्र चाचणीसाठी आधीच बसवले होते. यंत्राने त्याचा चेहरा पाहिला आणि सांगितले, की या इसमाकडे परवाना आहे, हा दुसरा काढतोय. झाले. परवाना रद्द. अर्ज केला की अर्ज यंत्राकडेच जाई आणि यंत्र पुन्हा तेच सांगे. शाळेने बदली चालक ठेवला होता. मुख्याध्यापिकेने थोरल्याला स्पष्ट बजावले होते: शाळा उघडेल त्या सकाळी परवाना दाखवा, नाहीतर मी दुसऱ्याला कायम करते. शाळा उघडायला सहा आठवडे उरले होते.

"दाखवा तुमचं यंत्र," घड्याळकाका म्हणाले.

उपसचिवांनी तिकाटण्यावर कॅमेरा लावला. थोरला समोर बसला. पडद्यावर हिरवी अक्षरे आली, "ओळख पटली". धाकटा बसला. तीच अक्षरे, तेच नाव, धाकट्याचे. मग घड्याळकाकांनी दोघांना एकाच बाकावर शेजारी शेजारी बसवले. यंत्र थोडा वेळ घुटमळले आणि पडद्यावर उमटले, "एक व्यक्ती. कृपया हलू नका."

समितीतले सगळे हसले. दोघे भाऊ मात्र खरोखरच हलले नाहीत.

"आता हलू का हो?" थोरल्याने ओठ न हलवता विचारले.

"मी मूळ प्रत, साहेब," धाकटा म्हणाला. "हा झेरॉक्स."

"अकरा मिनिटं आधी आलोय मी. झेरॉक्स आधी निघते का कधी?"

समितीतल्या एका बाई सदस्यांनी थोरल्याला विचारले, "घरी तुमची बायको कसं ओळखते?"

"वहिनीला काही अवघड जात नाही," उत्तर धाकट्यानेच दिले. "काम सांगितल्यावर जो दिसेनासा होतो, तो मी."

सचिव हसले नव्हते. "हे अपवादात्मक प्रकरण आहे," ते म्हणाले. "लाखात एखादं."

"तो एखादा सात महिने घरी बसलाय," घड्याळकाका म्हणाले. "कलम दहा राहू द्या. त्याचं म्हणणं समोर बसवून ऐका, एवढंच तर आहे त्यात."

समितीने मला ठेवले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, की आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत. आणि लगेच भीती वाटली. उपयोगाचा ठरलो, म्हणजे आता डोळ्यावर येणार.

तसेच झाले. मी राहिलो तर "माणसाचा हात न लागता" हे घोषवाक्य उतरवावे लागणार होते, आणि त्याचे फलक छापून तयार होते. सचिवांनी आपल्या विभागाच्या मंत्र्यांना पटवले, की सभागृहात दुरुस्ती आणून मला वगळावे. मंत्री भले गृहस्थ होते. त्यांना यंत्रातले फारसे कळत नसे, आणि हे कोणाला कळू नये एवढीच त्यांची धडपड असे. त्यांनी विचारले, "वगळल्याने काही बिघडणार नाही ना?" सचिव म्हणाले, "उलट प्रणाली सुटसुटीत होईल." सुटसुटीत हा शब्द मंत्र्यांना आवडला. त्यांनी सही केली.

इथे सचिवांची एक सवय सांगायला हवी. राज्याला तंत्रज्ञान शिकवणारा हा माणूस पडद्यावर काही वाचत नसे. डोळे दुखतात, असे ते म्हणत. त्यांच्या खणात विधेयकाची पहिली छापील प्रत होती, लाल शाईने खुणा केलेली. समितीने सुधारलेले नवे विधेयक प्रणालीवर आले होते, ते त्यांनी उघडलेच नव्हते. त्या जुन्या प्रतीत पाहून त्यांनी सूचना सांगितली, "कलम नऊ वगळण्यात यावे."

आणि त्या दिवशी कलम नऊ मी नव्हतो. नऊ होते माझ्या आधीचे कलम, म्हणजे जुने आठ. त्यात एक उच्चस्तरीय सल्लागार मंडळ होते, त्याला कायमचा अध्यक्ष, स्वतंत्र दालन आणि गाडी होती. सचिव त्या वर्षअखेर निवृत्त होणार होते. अध्यक्ष कोण होणार, हे मंडळाच्या कलमात लिहिलेले नव्हते, पण दालनाच्या पडद्यांचा रंग ठरलेला होता.

विधेयक यंत्रांबद्दलचे असले, तरी त्यावरच्या दुरुस्तीची सूचना कागदावर, तीन प्रतींत, शाईच्या सहीने, सचिवालयाच्या दाराबाहेरच्या लाकडी पेटीत सकाळी अकराच्या आत टाकावी लागे. बुधवारी अकराला दहा मिनिटे असताना उपसचिवांनी ती टाकली. पेटी उघडून सूचना तपासायला बाईंकडे आल्या.

बाईंनी सूचना वाचली. समितीचे विधेयक काढले. बोट ठेवून कलम नऊ पाहिले, मग मला पाहिले.

कलमाला बोलता येत नाही, ते वाचले तरच बोलते. पण तुम्हाला खरे सांगतो, त्या क्षणी मी मनात म्हणालो, "बाई, आज तेवढे लक्षात आले नाही असे करा." मी कायद्याचा भाग, आणि माझ्या मनात हा विचार आला. त्याची लाज मला आजही वाटते.

बाईंनी तसे केले नाही. त्यांनी फोन उचलून सचिवांच्या स्वीय सहायकाला गाठले.

"साहेबांशी बोलायचं होतं. दुरुस्तीच्या सूचनेत क्रमांकाबद्दल शंका आहे."

"साहेब बैठकीत आहेत, बाई. सिस्टीमवर टाका ना. परिपत्रक पाहिलं नाही का तुम्ही?"

परिपत्रक बाईंसमोरच भिंतीवर टाचलेले होते. सचिवांच्याच सहीचे होते: यापुढे सर्व टिपणे फक्त प्रणालीवरच पाठवावीत, कागदावरील वा तोंडी टिपण ग्राह्य धरले जाणार नाही.

"तातडीचं आहे," बाई म्हणाल्या.

"मग तातडीचं असं लिहून टाका. लाल रंगात येतं."

बाईंनी प्रणाली उघडली आणि लिहिले: "सूचनेतील कलम ९ हे समितीच्या विधेयकात सल्लागार मंडळाचे कलम आहे. तेच वगळायचे आहे का? कृपया आजच खात्री करावी." तातडीचे, अशी खूण केली. अकरा वाजून दहा मिनिटांनी टिपण गेले. मग त्या बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसल्या. ती आधीच टोकदार होती.

सचिवांच्या प्रणालीत न उघडलेली दोन हजार तीनशे चाळीस टिपणे होती. सगळीच तातडीची होती, त्यामुळे सगळी लाल होती. स्वीय सहायक दर शुक्रवारी ती छापून सचिवांच्या टेबलावर ठेवी. विधेयकावरची चर्चा गुरुवारी होती.

गुरुवारी सभागृह भरले. जेवणानंतरची वेळ होती, काही बाक रिकामे होते, काही भरलेले असून रिकाम्यासारखे होते. वरच्या गॅलरीत थोरला आणि धाकटा बसले होते.

मंत्री उठले. "अध्यक्ष महोदय, मी सुधारणा मांडतो, की कलम नऊ वगळण्यात यावे."

घड्याळकाका ताडकन उभे राहिले. मला वाचवण्यासाठी चार पानी भाषण लिहून आणले होते त्यांनी. दुसऱ्या हातात समितीची छापील प्रत होती, आणि सवयीने त्यांनी डोळ्याला लावायचे आपले जुने भिंग काढून आधी कलम नऊ वाचले. मग पान उलटले. मग परत उलटून पाहिले.

"सदस्यांना काही म्हणायचं आहे का?" अध्यक्षांनी विचारले.

सभागृह त्यांच्याकडे पाहत होते. गॅलरीत थोरला कठड्यावर पुढे वाकला होता. घड्याळकाकांनी भाषणाची चार पाने नीट घडी करून खिशात ठेवली.

"नाही, अध्यक्ष महोदय," ते म्हणाले. "मंत्री महोदयांनी जे कलम सांगितलं, तेच वगळावं. माझा विरोध नाही."

मंत्री चपापले. हा म्हातारा कधीच सहमत होत नसे. त्यांनी मागे अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे पाहिले. सचिव तिथे बसून समाधानाने मान हलवत होते. विरोधक दमला, असे त्यांना वाटले असावे.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं," अध्यक्ष म्हणाले.

"होय."

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. मंजूर."

सगळे मिळून चाळीस सेकंद लागले. सल्लागार मंडळ, दालन, गाडी आणि पडदे त्यात गेले. पुढचा एक गेल्यामुळे आम्ही सगळे एकेक पाऊल पुढे सरकलो आणि मी पुन्हा नऊ झालो. गॅलरीत थोरल्याने डोक्याला हात लावला. आकडा त्याने ऐकलाच नव्हता, "वगळण्यात यावे" आणि "मंजूर" एवढेच ऐकले होते. बाहेरच्या जिन्यात घड्याळकाकांनी त्याला गाठून दहा मिनिटे समजावले, तेव्हा कुठे तो खाली उतरला.

शुक्रवारी छापील टिपणांचा गठ्ठा सचिवांच्या टेबलावर गेला. दुपारी त्यांनी बाईंना बोलावले. मी बाईंच्या हातातल्या फाइलमध्येच होतो, म्हणून सगळे ऐकले.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं, सर. बुधवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी. सिस्टीमवर."

"अहो, एवढी मोठी गोष्ट, फोन करायचा."

"केला होता. तेव्हा मला तुमचं परिपत्रक पाहायला सांगितलं."

सचिवांनी समोरचे छापील टिपण उलटे करून ठेवले. मग हळूच विचारले, "आता काय करता येईल?"

"पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती विधेयक आणता येईल," बाई म्हणाल्या. "मसुदा मी लिहून देईन." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांचे कामच होते ते.

घोषवाक्य आता खरे राहिले नव्हते, तरी मंत्र्यांना छापलेल्या फलकांचे अनावरण करायची घाई होती, म्हणून कायदा प्रसिद्ध होताच लागू झाला. सगळ्या सह्या पंधरवड्यात उरकल्या. शाळा उघडायला चार दिवस राहिले असताना थोरला परवाना कार्यालयात गेला. धाकटा बरोबर होता. थोरल्याच्या खिशात मी होतो, पान सहा, चार घड्या घातलेला.

खिडकीतल्या लिपिक बाईंनी पडद्याकडे पाहिले. "सिस्टीम नाही म्हणतेय."

थोरल्याने मला उलगडून खिडकीच्या फटीतून आत सरकवले. "हे वाचा, ताई."

त्यांनी मला एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचले. "समोर बसवून," असे म्हणून त्यांनी थोरल्याच्या मागे पाहिले. खिडकीच्या त्या बाजूला खुर्चीच नव्हती. कधीच नव्हती. तिथे लोक उभे राहत आणि जात. लिपिक बाई आत गेल्या, अधिकाऱ्यांशी कुजबुजल्या, आणि थोड्या वेळाने शिपाई उपाहारगृहातून एक खुर्ची घेऊन आला. तिचा एक पाय आखूड होता. त्याखाली त्याने पुठ्ठ्याची घडी सरकवली. मग अधिकारी आले आणि समोर बसले. "समोर बसवून" हे शब्द जास्त झाले नव्हते, हे मला तेव्हा कळले.

अधिकाऱ्यांना पंचवीस वर्षांत ऐकण्याचे काम कोणी दिले नव्हते. सुरुवात कशी करावी हे त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, "बसचा मार्ग सांगा."

थोरला सांगू लागला. पाण्याची टाकी. मग लाकडाची वखार, तिथे वळण अरुंद आहे म्हणून आधी भोंगा द्यायचा. मग दोन पायऱ्यांचे घर. "तिथली एक मुलगी रोज बूट हातात घेऊन धावत येते. ती बूट घालेपर्यंत मी आरशात बघून थांबतो. हा नवीन चालक थांबतो की नाही, माहीत नाही."

"आणि तुम्ही?" अधिकाऱ्यांनी धाकट्याला विचारले.

"मला विचारू नका, साहेब. मुलं दिसली की मी गाडी दुसऱ्या रस्त्याने नेतो. पाव पळवतात."

अधिकाऱ्यांनी पेन काढले. संगणकावरच्या अर्जात माणसाने काही लिहायला रकानाच नव्हता. त्यांनी कोरा कागद मागवला आणि त्यावर लिहिले: "दोघांना समोर बसवून ऐकले. दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. मी पाहिले." खाली सही. एवढे करायला अठरा मिनिटे लागली. सही करून झाल्यावर ते जरा वेळ त्या कागदाकडे पाहत बसले, जणू आपले अक्षर आपल्यालाच नवीन वाटत असावे.

शाळा उघडली त्या सकाळी पाण्याच्या टाकीपाशी बस थोरल्यानेच आणली. मला त्याने नीट घडी करून आरशामागे खोचले आहे. घडीवर मी विरत चाललो आहे.

त्या कार्यालयातली खुर्ची अजून तिथेच आहे. पुठ्ठा बदलला आहे. रोज कोणी ना कोणी तिच्यावर बसते. काहींचे म्हणणे खोटे निघते, तेही लिहून सही होते. यंत्रही काम करते आहे, माझे त्याच्याशी भांडण नाही. मी फक्त त्याच्या शेजारी एक खुर्ची मागितली होती.

आता माझी सद्यस्थिती. दुरुस्ती विधेयक तयार आहे. कारकुनी चुकीची दुरुस्ती, असे त्याचे नाव आहे. कलम नऊ वगळावे आणि सल्लागार मंडळ परत आणावे, एवढेच त्यात आहे. या वेळी क्रमांक तीनदा तपासला आहे. मसुदा बाईंनीच लिहिला, पेन्सिलीने, आणि लिहून झाल्यावर त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या. घड्याळकाकांनी नवे भाषण लिहायला घेतले आहे, पण त्यांचे हात आता कापतात.

मी राहावे की जावे, हे मी ठरवायचे नसते. माझ्यापेक्षा चांगले शब्द कोणाला सुचतील, तर मला हरकत नाही. फक्त ती खुर्ची जाऊ नये.

काल तो मसुदा संकेतस्थळावर आला आहे. लोकांचे मत मागवले आहे, मुदत सात दिवस. पाने पुन्हा आडवीच आहेत. मागच्या वेळी चार जणांनी लिहिले होते आणि त्यातल्या एकाने खड्ड्याबद्दल. तुमच्या गल्लीतही खड्डा असेल, त्याबद्दल नंतर लिहा. आधी एवढी मान वाकडी करा.